प्लंबरच्या बायकोचं प्रेशर

चौथ्या महिन्यात प्लंबरची बायको ओट्यापाशी चक्कर येऊन मटकन खाली बसली. हातातला पाना टाकून त्याने तिला तडक डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"घाबरू नका," बाई म्हणाल्या. "या दिवसांत एक हार्मोन वाढतं. त्यानं रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू सैलावतात, वाहिन्या रुंद होतात, म्हणून प्रेशर उतरतं. पाणी भरपूर प्या. उठताना सावकाश उठा."

शेवटची दोन वाक्यं प्लंबरच्या कानात शिरलीच नाहीत. पाइप रुंद झाला, प्रेशर पडलं, म्हणजे टाकी उंच करायची! उभ्या आयुष्यात त्याने दुसरं केलं काय होतं? घरी येताच त्याने पलंगाच्या पायथ्याकडच्या खुरांखाली विटा सरकवल्या. पायांतलं रक्त आता उतारानं डोक्याकडे जाणार होतं.

सकाळी बायको छाती चोळतच उठली. "अहो, घशाशी नुसतं जळजळतंय."

त्याने लगेच फोन लावला. "तेच हार्मोन जठराचं तोंडही सैल करतं," बाई म्हणाल्या. "उशाकडची बाजू उंच ठेवा."

प्लंबरने उशाकडेही तेवढ्याच विटा लावल्या. त्याची आई कमरेवर हात ठेवून बघत होती.

"अरे, पलंग होता तसा सरळच झाला की!"

"सरळ झाला, पण उंच झाला ना!"

आता त्याला नवीच धास्ती लागली. एवढ्या उंचावरून ही पडली तर? कामधंदा सोडून तो घरातच घुटमळू लागला. कधी मोरीतून, कधी माळ्यावरून त्याची हाक यायची, "अगं, चक्कर येतेय का?" काय म्हणतोय ते धड ऐकू येत नसे, म्हणून बायको पलंगावरून टुणकन खाली उतरायची, लगबगीने दारापर्यंत यायची आणि भिंत धरायची.

"आता येतेय!"

पुढच्या तपासणीला तिचं प्रेशर मोजून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "चक्कर नेमकी कधी येते?"

"हे हाक मारतात तेव्हा."

बाईंनी प्लंबरकडे निरखून पाहिलं. डोळे तारवटलेले, कपाळावर घाम. त्यांनी मशीनचा पट्टा सरळ त्याच्याच दंडाला गुंडाळला. आकडा बघून त्यांच्या भुवया वर गेल्या.

"हिचं प्रेशर ठीक आहे. तुमचंच भलतं चढलंय."

प्लंबर गोरामोरा झाला. "झोपच लागत नाही हो. हिला काही झालं तर..."

बायकोने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बाईंकडे वळून हळूच विचारलं, "डॉक्टर, माझ्यातलं ते हार्मोन थोडं यांना देता येईल का?"