देवळाबरोबर आलेल्या कबरी

डॉक्टरने हृदयाच्या ऑपरेशनची तारीख सांगितली तेव्हा नबराने नाही म्हटले नाही. ती एवढेच म्हणाली, "चालेल. आधी आईला पाणी घालून येते."

"जरूर," डॉक्टर म्हणाला. तो कैरोहून अस्वानला नुकताच आला होता. "दोन दिवसांत परत आलात की झालं."

शेजारी बसलेल्या शाझलीने, म्हणजे तिच्या मुलाने, कपाळाला हात लावला. तो साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता. गाडीत ऊस किती आणि चिखल किती, हे लांबून ओळखण्यात त्याची हयात गेली होती. ही गाडी नुसत्या चिखलाची आहे हे त्याला तिथेच कळले.

कारण नबराची आई जुन्या तोशमानात पुरलेली होती, आणि जुने तोशमान धरणाच्या तळाशी होते.

"आई, तिच्यावर अख्खं सरोवर आहे," घरी आल्यावर तो म्हणाला. "आणखी पाणी काय करायचंय तिला?"

"ते सरकारनं घातलेलं. माझं कुठाय?"

तोशमानच्या लोकांत कबरीच्या डोक्याशी वाडगा ठेवतात, सणावाराला तो भरतात, पाखरांसाठी मूठभर ज्वारी टाकतात. मेलेल्याला तहान लागते, याबद्दल तिथल्या बायकांना कधी शंका आली नाही. गाव उठले तेव्हा नबरा लहान होती. आईचा वाडगा तिने काठोकाठ भरला आणि आगबोटीत बसली. नंतर धरणाने तो वाडगा कायमचा भरून टाकला. पण कोणी भरला याला तिच्या लेखी महत्त्व होते.

"पाणी घातल्याशिवाय मी त्या टेबलावर झोपायची नाही," ती म्हणाली. "तिथून सरळ वर गेले, तर पहिली तीच भेटणार. काय तोंड दाखवू?"

आणि इथे शाझलीने चूक केली. तारीख जवळ येत होती, आईचे ओठ निळे पडायला लागले होते, आणि रागावलेल्या माणसाला जे पहिले सुचते ते खरे वाटते. तो म्हणाला, "अगं, देवळाबरोबर कबरीही वर आणल्यात की!"

तोशमानचे देऊळ तेवढे वाचले होते. सरकार आणि परदेशी लोक यांनी मिळून त्याच्या एकेका दगडावर आकडा घातला, दगड होड्यांवर चढवले आणि धरणाजवळच्या एका खडकाळ बेटावर पुन्हा जसेच्या तसे रचले. माणसेही वाचवली. पण त्यांच्यावर आकडे घालायला कोणाला वेळ झाला नसावा, कारण नदीपासून दूर, उसाच्या पलीकडच्या वाळूत नवे तोशमान वसले तेव्हा चुलता एका टोकाला लागला आणि पुतण्या दुसऱ्या.

नबराने मान वर केली. "सगळ्या कबरी?"

"सगळ्या कशा असतील? देवळाजवळच्या."

"आपली देवळाजवळचीच."

"मग झालं तर! परदेशी लोक ते. देवळाचा दगड कुठला आणि कबरीचा कुठला, त्यांना काय कळतंय? दिसला दगड की उचल."

नबराने त्याच्याकडे एकदा नीट पाहिले. मग तिने पायांत चपला घातल्या आणि शेजारच्या सकीनाकडे गेली.

संध्याकाळपर्यंत अर्धी आळी दारात उभी होती. कोणाची आई, कोणाची आजी, कोणाचा जन्मतःच गेलेला भाऊ. सगळेच देवळाजवळचे निघाले. जुन्या तोशमानात देवळापासून लांब कोणी मेलेच नव्हते.

"इतकी वर्षं सांगितलं का नाहीस रे?" सकीनाने शाझलीला खडसावले. ती आईच्या वयाची होती आणि दिवसाला एक तरी भांडण झाल्याशिवाय तिला झोप येत नसे. "आमची माणसं तिकडे तहानलेली, आणि तू इकडे ऊस मोजतोयस!"

सगळे गेल्यावर सुआद, शाझलीची बायको, चहाचे पेले आवरत म्हणाली, "खोटं बोलायचंच होतं तर होडीत मावेल एवढं तरी बोलायचं."

दुसऱ्या दिवशी शाझली कामावर न जाता बेटावर गेला. देवळाचा पहारेकरी मेतवल्ली खांबाच्या सावलीत पाय पसरून बसला होता. तो उत्तरेकडच्या सोहाग गावचा, पन्नाशीचा. बेटावर पर्यटक क्वचितच येत. दिवसभर बोलायला कोणी नसे, त्यामुळे माणूस दिसला की तो आधी चहा ठेवी आणि मग तिकीट विचारी.

"मेतवल्ली, मला इथे कबरी हव्यात," शाझली म्हणाला.

"कोण गेलं?"

"कोणी नाही. म्हणजे गेलेत, पण पूर्वी." आणि त्याने सगळे सांगितले.

मेतवल्लीने चहा गाळला. बराच वेळ ढवळला. "हे बघा उस्ताद, मला इथं ठेवलंय ते काही चोरीला जाऊ नये म्हणून. इथं भर पडू नये, असं मला कोणी सांगितलेलं नाही."

"देवळाच्या दगडाला मात्र हात लावायचा नाही हं."

"त्यांना आकडे आहेत. डोंगराच्या दगडांना कोण विचारतो?" तो उठून उभा राहिला. "तोंड मक्केकडे करतो. तुमची आजी असली खोटी, तरी उगाच पाप नको."

शुक्रवारी होडी निघाली ती काठ पाण्याला टेकलेली. बायका मावेल तिथे बसल्या होत्या. मांडीवर वाडगे, पदराच्या गाठीत ज्वारी, आणि पायाशी घरून नळाचे पाणी भरून आणलेले डबे. नावाड्याने खाली पसरलेल्या निळ्याशार सरोवराकडे बघितले आणि डब्यांकडे बघितले.

"बायांनो, पाण्यातून पाणी वाहून नेताय होय?"

"ह्या पाण्यानं तर त्यांना बुडवलं," सकीना म्हणाली. "तेच परत पाजू? गप वल्हव."

होडीला मोटार होती. तरी नावाडी गप्प बसला.

बेटावर उतरल्यावर बायकांनी देवळाकडे पाहिले आणि वाडगे घेऊन जागीच उभ्या राहिल्या. देऊळ तेच होते. तोच उंच दरवाजा, तीच कोपऱ्यातली फुटकी देवी, जिच्या नाकावर लहानपणी सगळ्यांनी बसून घेतले होते. फक्त भोवतीचे सगळे नव्हते. गर्दीत हरवलेले पोर ओळखीचे पागोटे दिसताच धावत जाते आणि पागोट्याखाली माणूस दुसराच निघतो, तशी त्यांची अवस्था झाली.

मग नबरा चालत गेली आणि देवळाच्या दाराला पाठ लावून उभी राहिली.

"असं उभं राहायचं," ती म्हणाली. "समोर नदी. डाव्या हाताला आमची गल्ली. गल्लीच्या टोकाला कबरस्तान." आणि ती डावीकडे चालायला लागली. एकेक करून सगळ्याजणी दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि सगळ्याजणी डावीकडे निघाल्या.

मेतवल्लीने दगड उजवीकडे मांडले होते. तिकडे सावली असते म्हणून.

डावीकडे खडक होता आणि खडकापलीकडे पाणी. नबरा खडकाशी जाऊन थांबली. छातीवर हात ठेवून धापा टाकत ती इकडेतिकडे बघायला लागली.

"हज्जा!" मेतवल्लीने नबराला आदराने हाक मारली. "इकडे, इकडे! देऊळ ठेवताना जरा फिरलं बघा. परदेशी लोक. त्यांचं डावं-उजवं आपल्यासारखं नसतं."

बायकांनी एकमेकींकडे पाहिले. परदेशी लोकांबद्दल काहीही ऐकायची त्यांची तयारी होती. त्या वळल्या.

सावलीत दगडांची नीट रांग होती. प्रत्येकाच्या डोक्याशी तळाला भोके पडलेला एकेक पत्र्याचा डबा, पूर्वी त्यात पर्यटकांच्या शेंगा असाव्यात. पण मेतवल्लीने शाझलीच्या सांगण्याप्रमाणे दगड मांडले होते, आणि होडी भरली होती सकीनाच्या सांगण्याप्रमाणे. कबरी कमी पडल्या.

"ही माझ्या आईची," नबरा टोकाच्या लांब दगडाशी बसली.

"वा! ही माझ्या आत्याची," सकीना म्हणाली. "टोकालाच होती ती. मला चांगलं आठवतंय."

"तुझी आत्या माझ्या खांद्याला लागायची. एवढी लांब कबर तिला कशाला?"

"मेल्यावर माणूस लांबतो."

"तुझ्याकडचा लांबत असेल!"

मागे आणखी दोघींचे जुंपले. एकीने तर आपला वाडगा दुसरीच्या भावाच्या डोक्याशी ठेवून आधीच रडायला सुरुवात केली होती, आणि रडणाऱ्या बाईला उठवणार कोण? शाझलीने मेतवल्लीकडे पाहिले. मेतवल्ली शांतपणे खडकामागे गेला. थोड्या वेळाने घामाघूम होऊन आला आणि ओरडला, "आणखी तीन सापडल्या! वाळूखाली होत्या!"

असा तो दोनदा गेला. दुपारपर्यंत कबरस्तान भरले. भांडण मात्र तडजोडीने मिटले. लांब दगड सकीनाच्या आत्याला मिळाला आणि त्याच्या पलीकडचा नबराच्या आईला. "असू दे," नबरा म्हणाली. "जिवंतपणीही आत्या आमच्या दारातच बसलेली असायची."

मग पाणी घालणे सुरू झाले. शाझलीला वाटले होते, आता सगळ्या रडतील. तसे झाले नाही. त्या बोलायला लागल्या. नव्या गावात भिंतींना तडे जातात, वाळवी लागते, नदी दिसत नाही, मुले कुवेतला गेली ती फोनवर भेटतात, कोणाच्या नातवाने आपली भाषा शिकायला नकार दिला. एवढ्या वर्षांच्या तक्रारी होत्या. सगळ्यांनी आपापल्या दगडाला पहिल्यापासून सांगितल्या. पाणी वाळूत जिरत होते. ओतताक्षणी काही उरत नव्हते.

शाझली देवळात जाऊन उभा राहिला. भिंतीवर कोणी एक राजा हातांत दोन मडकी घेऊन देवापुढे उभा होता. दगडात देव होता, पाणी होते, राजाही होता. खरे काय आहे, हे त्याला कोणी विचारत नव्हते. शाझलीला त्याचा हेवा वाटला.

परतताना नबराने दगडाशेजारची मोकळी जागा हाताने साफ केली. "शाझली, मला इथे ठेव."

"आई, काहीतरीच काय!"

"काहीतरीच काय? आईशेजारी जागा आहे. तिकडच्या वाळूत मला ओळखतंय कोण? शब्द दे. नाहीतर ते ऑपरेशन राहू दे."

शाझलीने शब्द दिला. ज्या खोट्यावर आधीच अख्खे कबरस्तान उभे आहे, त्यावर आणखी एक कबर चढवताना माणसाला फारसे वजन जाणवत नाही.

जमेच्या बाजूला हे लिहायला हवे की ऑपरेशन व्यवस्थित झाले. नबराचे ओठ पुन्हा लाल झाले आणि ती सुआदच्या स्वयंपाकात पुन्हा खोट काढायला लागली. शाझलीने खरे सांगायचे अनेकदा ठरवले. एकदा तर तोंड उघडलेही.

"आई, त्या बेटावरच्या कबरी—"

"हं, बोल."

"—तिथे पुढच्या आशुराच्या सणाला जायचं ना?"

"जायचंच. त्यात विचारायचं काय?"

दर सणाला होडी जायला लागली. हळूहळू पुरुषही यायला लागले. मेतवल्ली लागेल तसे दगड "शोधून" द्यायचा. शेवटच्या खेपेला नबरा आपल्या आईच्या दगडाशी बराच वेळ थांबली आणि म्हणाली, "मेतवल्ली, ही मागच्या वेळेपेक्षा सरकलीय रे."

"वाळू आहे हज्जा. वाऱ्यानं होतं तसं."

"होतं," ती म्हणाली. "सगळंच सरकतं." आणि तिने मोकळ्या जागेवर मूठभर ज्वारी टाकली.

त्या हिवाळ्यात ती झोपेतच गेली.

शाझलीने शब्द दिला होता म्हणून तो अस्वानला पुराणवस्तू खात्यात गेला. तिथल्या साहेबाने सगळे ऐकून घेतले. माणूस वाईट नव्हता, त्याचीही आई गेलेली होती. "पण उस्ताद," तो म्हणाला, "ते प्राचीन देवळाचं बेट. तिथे माणूस पुरता येत नाही. एकही कबर नाहीये तिथे, आणि तुमच्या आईपासून सुरुवात करू?"

तिथे एकही कबर नाही, हे त्या खोलीत शाझलीइतके कोणालाच पक्के माहीत नव्हते. आणि तरी तो म्हणाला, "आहेत हो! रांग आहे रांग! सगळं गाव जातं!" साहेबाने त्याच्यासाठी पाणी मागवले.

नबराला नव्या तोशमानच्या वाळूतच ठेवावे लागले. सकीना सगळ्यांत मोठ्याने रडली आणि नंतर शाझलीजवळ येऊन म्हणाली, "शब्द दिला होतास." ती भांडली असती तर त्याला बरे वाटले असते.

चाळिसाव्या दिवशी तो एकटाच होडीत बसला. पाण्याचा डबा मांडीवर होता. नावाड्याने या वेळी काही विचारले नाही. बेटावर मेतवल्ली पुढे आला, त्याचा हात हातात घेतला, आणि चहा ठेवायला वळला.

शाझली सावलीतल्या रांगेशी गेला. आजूबाजूला कोणी नव्हते, तरी त्याने एकदा मागे पाहिले. मग गुडघ्यावर बसून पत्र्याच्या डब्यात पाणी ओतायला लागला.

"उस्ताद," मागून मेतवल्लीचा आवाज आला, "ती नव्हे. ती सकीनाबाईंच्या आत्याची. तुमची पलीकडची."

शाझलीचा हात थांबला. "मेतवल्ली, हे दगड तू मांडलेस. मी सांगितलं म्हणून."

"मग? मी मांडले, तर मला माहीत नसणार?"

हातातल्या डब्यात निम्मे पाणी उरले होते. शाझली उठला, एक पाऊल पलीकडे सरकला, पुन्हा बसला आणि उरलेले सगळे पाणी हळूहळू ओतले. वाळूने ते लगेच पिऊन टाकले.

"आजी," तो खालच्या आवाजात म्हणाला, "आई येणार होती. तिला परवानगी मिळाली नाही."