चार व्होल्ट आणि एसीखालची खाट

"करंट म्हणजे माझा पाळलेला कुत्रा! बस म्हटलं की बसतो, ऊठ म्हटलं की उठतो!"

जयराम हे वाक्य दिवसातून निदान दोनदा म्हणायचा आणि त्याच्या खोलीतल्या माणसांना ते ऐकून घ्यावं लागायचं. कारण खोली कुवेत शहरातल्या मिरकाब भागातली होती, महिना जुलैचा होता आणि बिघडलेला एसी जयरामशिवाय कुणाला दुरुस्त करता येत नव्हता.

संगमेश्वराकडच्या एका खेड्यातून तो कुवेतला आला त्याला एकवीस वर्षं झाली. शुवैखच्या एका वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन. ह्या ज्येष्ठतेच्या जोरावर खोलीतली सर्वांत मोठी इस्टेट त्याच्या नावावर होती, ती म्हणजे एसीखालची खाट! बाहेर पन्नास डिग्री असताना जयराम पांघरूण घेऊन झोपायचा. गुहागरचा शैलेश सुतार मधल्या खाटेवर बऱ्यापैकी सुखात असे. दापोलीच्या इम्तियाजची खाट मात्र स्वयंपाकघराच्या दाराशी होती. तिथे एसीची फक्त बातमी पोचायची.

हा इम्तियाज वेपच्या, म्हणजे वाफेच्या सिगारेटच्या, दुकानात सेल्समन. जयरामने सिगारेट सोडायचा शब्द बायकोला, म्हणजे चंपाला, दिला, तेव्हा त्यानेच हे वाफेचं मशीन आणून दिलं. मशीन चालवायच्या दोन तऱ्हा होत्या. एक तर व्होल्टेज ठरवायचं, नाहीतर वॅट ठरवायचे. जयरामने कुणाला न विचारता व्होल्टेज निवडलं. बरोबर चार!

त्याला कारण होतं. जयरामच्या गावात संध्याकाळ झाली की दिवा निखाऱ्यासारखा तांबडा व्हायचा, पंख्याची पाती मोजता यायची आणि दर उन्हाळ्यात पंपाची मोटर जळायची. दोष एकच, कमी व्होल्टेज! जयरामने अर्ध्या गावाला स्टॅबिलायझर बसवून दिले होते. जगातल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ कमी व्होल्टेजमध्ये आहे, ह्यावर त्याची देवाइतकी श्रद्धा होती.

त्या शुक्रवारी मशीनमधली रस तापवून वाफ करणारी कॉइल गेली. जुम्म्याची नमाज आटपून इम्तियाज परतला तो खिशात नवी कॉइल घेऊनच.

"जयरामभाऊ, जुनीसारखी नाही मिळाली. ही वेगळी हाय. जुनीचा रेझिस्टन्स हिच्या तिप्पट व्हता. आता व्होल्ट सोडा नि वॅटवर घ्या. वीस वॅट सांगा, लागेल तेवढं व्होल्टेज मशीन आपलं आपण ठरवील."

"मशीन ठरवणार? मेल्या, मग मी एकवीस वर्षं काय गवत उपटलं?"

"अहो, पण चार व्होल्ट हिला जास्त होतील!"

"काल चार जास्त नव्हते, आज कसे झाले? चार म्हणजे चार!"

शैलेश ओट्याशी बांगडे तळत होता. तो झारा नाचवत म्हणाला, "नुसतं भांडता काय? पैज लावा! जो हरंल तो दाराशी झोपंल, जिंकंल तो एसीखाली!"

इम्तियाजने एसीकडे पाहिलं. अकरा महिने तो त्या वाऱ्याकडे लग्नाळू माणसासारखा बघत होता.

"कबूल!" जयराम गरजला. "आणि न्याय करील आमची विनिता!"

विनिता ही त्याची मुलगी, रत्नागिरीला इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमाला होती. पोटची पोर बापाच्या विरोधात जाते कुठे, असा जयरामचा हिशेब. लगेच व्हिडिओ कॉल लागला आणि फोन मिठाच्या बरणीला टेकवून उभा केला गेला.

"बाबा, थांबा जरा," विनिता सगळं ऐकून म्हणाली, "रेझिस्टन्स कमी झाला आणि व्होल्टेज तेवढंच ठेवलं तर..."

"तू नंतर बोल गो, आधी बघ!" म्हणत जयरामने कॉइल बसवली, रस भरला, चार व्होल्ट लावले आणि दणकून दम मारला.

त्याचे डोळे बटाट्याएवढे झाले! घशातून जो खोकला निघाला त्याने बरणीला टेकलेला फोन आडवा झाला.

"काय झालं, जयरामभाऊ?" इम्तियाज अगदी गोड आवाजात म्हणाला.

"काय नाय! जरा जळका वास येतो."

"तेच तर सांगत व्हतो!"

"काय सांगत होतास? जळका वास कधी येतो? मोटर जळते कधी? व्होल्टेज कमी पडलं म्हणजे! उभ्या कोकणाला हे ठाऊक आहे आणि तुला नाही?"

"बाबा, नको!" आडव्या फोनमधून छताकडे बघत विनिता किंचाळली.

पण तोवर जयरामने व्होल्टेज पाच केलं होतं. बटण दाबलं. मशीनमध्ये तडतड झाली, कॉइलमधला कापूस पेटला आणि त्या एवढ्याशा नळकांड्यातून असा काळा धूर निघाला की शैलेशला स्वतःच्या हातातला झारा दिसेना!

आणि मग अलार्म वाजला.

हा अलार्म मालकाच्या सांगण्यावरून गेल्याच वर्षी जयरामने स्वतः बसवला होता. एकच नाही, अख्ख्या इमारतीत, एकमेकांना जोडून. एक कोकलला की सातही मजले कोकलणार! तेही असे, की मेलेला माणूस उठून चपला शोधील.

"हरीका! हरीका! यल्ला बर्रा!" इमारतीचा रखवालदार अहमद आग लागली, बाहेर पळा, अशी अरबीत बोंब मारत जिने चढला. पाच मिनिटांत सत्तर माणसं रणरणत्या उन्हात रस्त्यावर. कुणी टॉवेलवर, कुणाच्या डोक्याला मेंदी, कुणाच्या हातात अर्धी पोळी. वर बांगड्यांचा कोळसा झाला होता. शैलेश झारा धरून सुतकात उभा होता.

अहमदने विचारलं, "कोण? कोणी केलं?"

दुसरा कुणी असता तर गर्दीत विरघळला असता. जयराम पुढे झाला! छाती काढून म्हणाला, "धूर माझा! पण हा अलार्म ऐकलास? एका सेकंदात सातही मजले! वायरिंग कुणाची? माझी!"

अहमदला त्यातलं किती कळलं देव जाणे. पण त्याने कपाळावर हात मारला, तो सगळ्या भाषांत सारखाच मारतात.

इम्तियाजने निघताना फोन खिशात घालून खाली आणला होता. विनिता अजून लाईनवर होती.

"बाबा, रेझिस्टन्स एक तृतीयांश झाला, तर तेवढ्याच व्होल्टेजला पॉवर तिप्पट! तुम्ही वर आणखी वाढवलंत! इम्तियाजकाकांचं बरोबर आहे."

"कॉलेजात हेच शिकवतात का?"

"हो. पहिल्याच सेमिस्टरला."

वर जाऊन जयरामने गादी उचलली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी नेऊन आपटली. दुसऱ्या दिवशी त्याच्या अंगावर घामोळं उठलेलं बघून इम्तियाजचंच काळीज हललं. पोरगा मनाचा चांगला.

"जयरामभाऊ, फकस्त एकदा म्हणा, 'वॅट बरोबर.' खाट तुमची!"

"घामोळं परवडलं! मी व्होल्टचा माणूस, व्होल्टचाच राहणार!"

आठवडा गेला. जयराम दाराशी भाजत राहिला, पण वाकला नाही. सिगारेटकडेही वळला नाही, तसलीच दुसरी कॉइल घातलेलं मशीन ऐटीत ओढत राहिला. शब्द म्हणजे शब्द! इम्तियाजला मनातून कौतुक वाटायला लागलं होतं. पुढच्या शुक्रवारी जयराम अंघोळीला गेला असताना त्याने सहज ते मशीन हातात घेतलं. पडद्यावर आकडा होता, वीस वॅट!

"जयरामभाऊ!" तो न्हाणीघराच्या दाराशी ओरडला. "हे वॅटवर कसं आलं?"

आत पाण्याचा आवाज थांबला.

"चुकून बटण दाबलं गेलं असंल."

"पण त्यासाठी बटण लागोपाठ पाच वेळा दाबावं लागतं!"

मग नळ पुन्हा जोरात सुटला आणि त्याच्या वरताण आवाज आला,

"मग पाच वेळा चुकून दाबलं गेलं!"