चिप दोन्हीकडे चालते

टॅब ऑफिसला न्यायचा, एवढंच मी ठरवलं होतं. नातीचा फोटो चार लोकांना दाखवावा, इतका साधा हेतू. (चार मिळाले नाहीत. दोन मिळाले, त्यातला एक म्हणाला, "छान! मुलगा ना?")

आमच्या कंपनीत फोनच्या आणि टॅबच्या पोटात बसणारी चिप तयार होते. नखाएवढी वस्तू, पण तोरा साहेबांपेक्षा जास्त. मोबाइलच्या दोन सिस्टीम बाजारात सवतींसारख्या नांदतात, आणि आपली चिप दोघींनाही सांभाळणार, असं साहेबांनी जाहीर करून टाकलं. तेव्हापासून पॅसेजच्या डावीकडे एका सिस्टीमची टीम बसते, उजवीकडे दुसरीची, आणि दोघांत बोलणं नाही. मधल्या खिडकीत मी, चाचणीच्या यंत्रांचा क्लार्क. पिवळं स्टिकर लावलं की यंत्र डावीकडे जातं, निळं लावलं की उजवीकडे. तिकडे ते पुसून कोरं करतात आणि आपली सिस्टीम भरतात. नऊ वर्षं मी हेच करतोय.

चार महिन्यांपूर्वी बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली, ती अजून तिकडेच आहे. लेकीनं टॅबवर एकच मोठं बटण करून दिलं, 'आई'. "बाबा, हेच दाबायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही." दर रविवारी चार वाजता मी ते दाबतो.

"जेवलात?"

"हो."

"गोळी घेतली?"

"हो."

"बरं, ठेवू?"

"ठेव."

झाली चार मिनिटं. आठवडाभर मी तिला सांगायच्या गोष्टी मनात जुळवत असतो, आणि तिचा चेहरा दिसला की एकही आठवत नाही. खरं सांगतो, घर खायला उठतं. त्या चार मिनिटांवर माझा आठवडा निघतो.

तर शुक्रवारी चहाला उठताना, टॅब कुणी उचलू नये म्हणून मी त्यावर निळं स्टिकर लावलं. (कुणी उचलू नये म्हणून! ज्या स्टिकरमुळे नऊ वर्षं यंत्रं उचलली जातात, तेच!) पाच वाजता टॅब परत आला, कोरा करकरीत. 'नमस्कार! आपली भाषा निवडा.' 'आई' गायब.

मी उजवीकडे धावलो.

"काका, निळा होता, निळ्याचं काम केलं. चोख झालंय."

"अहो, पण माझं बटण?"

"ते त्यांच्या सिस्टीममधलं. डावीकडे विचारा."

डावीकडच्यानं स्टिकर बघूनच हात मागे घेतला. "निळ्याला आम्ही हात लावत नाही."

"पण आपली चिप दोन्हीकडे चालते ना?"

"चिप चालते हो. आम्ही नाही चालत."

लेकीला फोन करून विचारता आलं असतं. पण 'हात लावायचा नाही' हे तिनं तीनदा बजावलं होतं, आणि तिसऱ्यांदा मी चिडलो होतो. शेवटी चाचणी विभागाच्या मॅडमना दया आली. त्यांनी शनिवारी निळं सोलून पिवळं लावलं, जुनी सिस्टीम भरली, लेकीनं जपून ठेवलेली माहिती कुठूनशी ओढून आणली. 'आई' परत आली. वर मॅडमनी निळ्या स्टिकरचा एक फोन दिला. "काका, घरी यावरून टॅबला कॉल करून बघा. लागला म्हणजे उद्या निश्चिंत."

रविवारी तीन वाजता मी जेवणाच्या टेबलावर एकीकडे टॅब उभा केला, एकीकडे फोन. कॉल लावला. टॅब वाजला. मीच उचलला. समोर मी!

"जेवलात?" मी विचारलं.

"हो," मीच म्हणालो.

आणि मग काय झालं कोण जाणे, मी बोलतच सुटलो. बाथरूमचा नळ गळतो, तो मी मुद्दाम दुरुस्त करत नाही, घरात तेवढाच आवाज असतो. मी हल्ली पलंगाच्या तिच्या बाजूला झोपतो. ती येईल कधी? समोरचा माणूस मधे एक शब्द बोलला नाही. इतकं नीट माझं कुणी कधीच ऐकलं नव्हतं.

खिशातला माझा जुना फोन वाजला तेव्हा घड्याळात पावणेपाच झाले होते. बायको!

"अहो, पाऊण तास झाला, टॅब बिझी लागतोय! कोणाशी बोलताय एवढं?"

"ऑफिसातला... एक क्लार्क आहे."

"तुम्ही? पाऊण तास? माझ्याशी चार मिनिटं बोलत नाही तुम्ही!"

"तोच बोलत होता. बायको लेकीकडे गेलीय त्याची. घर खायला उठतं म्हणाला."

आता कळलं तिला, असं वाटलं.

"अगं बाई, बिचारा!" ती म्हणाली. "मग बायकोला सांगत का नाही?"

"जमत नाही म्हणतो."

"कमाल आहे एकेकाची! बोलवा त्याला आज जेवायला, तुम्हालाही सोबत होईल. बरं, बाळ उठलं. ठेवू?"

सांगायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं.

"ठेव," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी क्लार्क जेवायला आला. वेळेवर आला, ताटात काही टाकलं नाही, माझ्या स्वयंपाकाला नावंही ठेवली नाहीत. भांडी मात्र मेल्यानं मलाच घासायला लावली.