पाच फूट आठ इंचांचं वल्हं

वल्हं एकच घ्यायचं, हे सरांनी दुकानाची पायरी चढायच्या आधीच ठरवलं होतं. लाटेवर खेळायला एक आणि लांब पल्ला मारायला दुसरं, अशी दोन-दोन वल्ही बाळगणं म्हणजे चढाला एक गाडी आणि उताराला दुसरी ठेवण्यासारखं आहे, असं त्यांनी साडूला जेवता जेवता ऐकवलं होतं. साडूकडे दोन वल्ही होती. साडूकडे सगळंच दोन-दोन असायचं.

सर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे सर. शहरातली निम्मी माणसं त्यांच्या शेजारी बसून क्लच दाबायला शिकली होती आणि त्या सगळ्यांना त्यांचं एक वाक्य पाठ होतं. "आधी सीट आपल्या मापाची करा, मगच चावीला हात लावा." शिकणाऱ्याच्या शेजारी बसून वर्षानुवर्षं काळजीनं पाय आवळल्यामुळे सरांची पाठ धरली होती. व्यायाम करा, असं डॉक्टर म्हणाले. साडूनं लगेच उभ्यानं वल्हवायच्या बोर्डाचं खूळ डोक्यात भरवलं. हा साडू दातांचा डॉक्टर, ताडमाड उंच आणि पाण्यातही केस न विस्कटणारा. दर रविवारी त्याचा क्लब बोर्डावर उभा राहून दीपस्तंभाच्या खडकापर्यंत जायचा आणि येताना किनाऱ्याच्या लाटांवरून घसरत यायचा. लांब पल्लाही झाला आणि लाटाही झाल्या.

दुकान एका मुलीचं होतं, आणि ती सरांचीच विद्यार्थिनी निघाली. चढावर गाडी बंद पडली की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. तेव्हा सर तिला म्हणायचे, "पडू दे बंद. मागचे वाजवू देत हॉर्न. मान खाली घालायची नाही, परत चावी फिरवायची." ते शिकूनच तिनं पुढं दुकान काढलं, असं सरांचं मत होतं. तिचंही बहुतेक तेच होतं.

"सर, लाटेवर पटकन वळायला वल्हं आखूड लागतं, डोक्याच्या वर चार बोटं," ती म्हणाली. "लांब जायचं तर चांगलं वीतभर वर. तुम्हाला दोन्ही करायचंय, तर हे घ्या." तिनं एक वल्हं काढलं, दांड्यावरचा खटका उघडला, दांडा आत सरकवला, बाहेर ओढला. "जाताना लांब करा, लाटा आल्या की आखूड करा. एकात दोन."

सरांना अगदी हेच हवं होतं. ते हात पुढं करणार, एवढ्यात त्यांना दांड्यावर मापपट्टीसारखे छापलेले आकडे दिसले. पाच-चार, पाच-सहा, पाच-आठ. आपल्या उंचीच्या आकड्यावर खटका बंद करायचा की झालं. आकडे चांगले ठळक होते, चार पावलांवरून वाचता येतील असे. आणि चार पावलांवर सरांची बायको उभी होती.

आता इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. लग्न ठरत होतं तेव्हा मुलगी पाच फूट सात इंच आहे असं कळलं, आणि पाच फूट सहा इंचांचे सर एका बैठकीत पाच-आठ झाले. त्यानंतर ते पाच-आठच राहिले. गाडीच्या सीटवर उशी घेऊन बसले, जाड तळाचे बूट घातले, फोटोत नेहमी पायरीवर उभे राहिले. बायको औषधांच्या दुकानात काम करायची आणि वरच्या फळीवरच्या बाटल्या स्टूल न घेता काढायची. चपला मात्र कायम सपाट घालायची. कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानापुढं ती थांबायची, काचेतल्या टाचेच्या चपलांकडे बघायची आणि 'मला नाही सोसत त्या' म्हणून पुढं निघायची. नाही सोसत तर नाही सोसत, सरांनी कधी जास्त विचारलं नाही.

"हे लहान-मोठं होणारं मला नको," सर म्हणाले. "माणसाचं मत एक असावं आणि वल्हं एक असावं. ते अखंड दांड्याचं द्या."

"सर, अखंड दांडा मापानं कापावा लागतो. एकदा कापला की कापला. या, भिंतीला टेकून उभे राहा, उंची घेते."

"उंची काय घ्यायची? पाच फूट आठ इंच. आणि वर चांगली वीतभर ठेव. मला खडकाच्या पलीकडं जायचंय."

बायकोनं एकदा सरांकडे पाहिलं आणि पुन्हा लाइफ जॅकेटांच्या किमती बघायला लागली. मग त्या नको म्हटलेल्या खटक्याच्या वल्ह्यावर तिनं स्वतःसाठी बोट ठेवलं.

पहिल्याच रविवारी व्हायचं ते झालं. वल्हं इतकं लांब की वरचा हात सरांना सारखा डोक्याच्या वर न्यावा लागत होता. उंच दोरीवर ओली चादर टाकणाऱ्या माणसासारखे ते दिसत होते. खडक निम्मा गाठेपर्यंत खांदे बोलायला लागले. येताना लाटेवर वळायचं म्हणून वल्हं या बाजूचं त्या बाजूला घेतलं, तर मूठ कानाला लागली, पातं बोर्डाला लागलं आणि सर पाण्याला लागले. पातं उलटं धरलं होतं ते निराळंच.

"साडूभाऊ, माझं आखूडवालं घेऊन बघा जरा," साडू म्हणाला.

"कशाला? हे मापात आहे," सर पाण्यातून म्हणाले. त्या वेळी त्यांचं फक्त डोकं वर होतं, पण ते ताठ होतं.

दुसऱ्या दिवशी बायको कामाला गेल्यावर सरांनी न्हाणीघराला आतून कडी घातली. मूठ गरम गोंदानं बसवलेली असते हे त्यांनी दुकानात पाहिलं होतं. बायकोच्या केस वाळवायच्या यंत्रानं ती शेकली, ओढून काढली, करवतीनं दांडा दोन इंच कापला. काप तिरका आला. सरळ करायला आणखी थोडा कापला. तो दुसऱ्या बाजूनं तिरका आला. शेवटी काप सरळ झाला तेव्हा ठरवल्यापेक्षा चांगली चार बोटं जास्त दांडा खाली पडला होता. मूठ परत चिकटवून सरांनी वल्हं हॉलच्या कोपऱ्यात होतं तसं उभं करून ठेवलं.

होतं तसं ते राहिलं नाही, कारण तिथं भिंतीवर घड्याळ होतं.

"अहो, हे घड्याळाला टेकायचं ना?" संध्याकाळी बायकोनं विचारलं.

सर वर्तमानपत्रातून बाहेर आले नाहीत. "आटलं असेल."

"आटलं?"

"खाऱ्या पाण्यानं आटतो हा माल. हल्ली कशातच काही राहिलेलं नाही."

"हं," बायको म्हणाली. तिचं 'हं' छोटं असायचं, पण त्यात बरंच काही मावायचं. विषय संपला म्हणून सरांनी सुस्कारा सोडला. तिकडं स्वयंपाकघरात बायको बहिणीशी फोनवर बोलत होती आणि हसत होती.

बहिणीनं ते नवऱ्याला सांगितलं, न हसता. साडूनं टेप काढून आपली दोन्ही वल्ही मोजली आणि दोन्ही त्याला बोटभर आखूड भरली. किती होती हे त्यानं आधी कधी मोजलंच नव्हतं, पण शंकेला एवढा पुरावा पुरतो. त्यानं क्लबात सांगितलं. मग प्रत्येकानं आपापलं वल्हं भिंतीला लावलं आणि एकजात सगळ्यांची आखूड भरायला लागली. एकाला तर त्याचा बोर्डही अरुंद झाल्यासारखा वाटला. आठवडा संपायच्या आत दोघांनी दिलेल्या ऑर्डरी मागं घेतल्या, आणि मुलीला नवीन नाव पडलं, 'आटीव वल्हेवाली'.

सरांना हे कळलं तेव्हा घास तोंडातच राहिला. त्यांना खरोखर वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर कापलं म्हणावं लागणार, कापलं म्हटलं की का कापलं हे आलंच, आणि त्याच्या मागून दोन इंच आले.

रविवारी किनाऱ्यावर सगळा क्लब जमला होता. मधोमध पिंपात खारं पाणी भरून मुलीनं चार दिवस एक वल्हं बुडवून ठेवलं होतं. तिनं ते बाहेर काढलं आणि सगळ्यांसमोर मोजलं. केसाइतकाही फरक नव्हता.

"हे दुकानातलं झालं," साडू म्हणाला. "साडूभाऊंचं आटलंय त्याचं काय? घड्याळ साक्षीला आहे."

"त्याचंही सोपं आहे," मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढावर गाडी बंद पडल्यावर यायचा तसा येत होता. "ते मी सरांची उंची अधिक एक वीत, असं कापलंय. सर, इथं उभे राहा. तुमची उंची मोजू, त्यात वीत मिळवू. किती आटलं ते कळेल."

फळी वाळूत रोवलेली होती, तिला टेप लावलेला होता. सर जागचे हलले नाहीत. पाठ धरली म्हणावं, घरी गॅस चालू राहिला म्हणावं, अशी दोन-तीन कारणं त्यांच्या डोक्यात येऊन गेली. तेवढ्यात त्यांचं लक्ष मुलीकडे गेलं. मागून कुणीतरी म्हणालं, "सोड ना, बंद कर दुकान." तिची मान खाली गेली होती.

ते मात्र सरांना सहन झालं नाही.

"मान वर कर," ते ओरडले. मग जाड तळाच्या चपला काढल्या, तरातरा चालत गेले आणि फळीला टेकून अनवाणी उभे राहिले. "मोज."

मुलीनं टेप खाली-वर करून पुन्हा पुन्हा पाहिला. "सर... पाच फूट सहा इंच."

"बरोबर आहे."

"पण तुम्ही पाच-आठ सांगितलं होतं."

सगळा क्लब सरांकडे बघत होता. साडू वरून बघत होता. बायको तिचं वल्हं घेऊन सगळ्यांच्या मागं उभी होती, आणि तिच्याकडे बघायची सरांची हिंमत झाली नाही. पण हनुवटी त्यांनी खाली येऊ दिली नाही.

"होतो," सर म्हणाले. "वल्हं आटलेलं नाही. मी आटलोय."

"खाऱ्या पाण्यानं?" साडूनं विचारलं.

"वयानं. माणूस आटतो वयानं, तुम्हीही आटाल. वल्हं मी स्वतः कापलं, माझ्या घरात, माझ्या करवतीनं. आपण बदललो की सीट पुढं घ्यायची असते. हिच्या मालात एका केसाचा दोष नाही, आणि ज्यानं ऑर्डर मागं घेतली असेल त्यानं आत्ता इथं परत द्यावी. नाहीतर त्याला मी गाडी मागं घेताना पाहिलेलं आहे, ते सांगेन."

ऑर्डरी परत आल्या. मुलगी डोळे पुसत हसली आणि म्हणाली, "सर, तुम्हाला ते खटक्याचं देते, घ्या."

"मला हेच बरं आहे," सर म्हणाले आणि ते चार बोटं जास्तच कापलेलं वल्हं घेऊन पाण्यात शिरले. खडकापर्यंत ते कमरेत वाकून गेले आणि वाकूनच परत आले. शेवटच्या लाटेवर मात्र उभे राहिले, सगळ्यांना दिसेल इतका वेळ.

घरी जाताना बायको दोन पावलं पुढं होती. पाठ धरल्यामुळे सर हळूहळू चालत होते. कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानापुढं ती थांबली.

"अहो, तुम्ही आटलात, हे आता सगळ्यांनाच कळलंय ना?"

"वयानं," सर म्हणाले.

"हो, वयानं. पण तुम्ही मला पहिल्यांदा भेटायला आलात ना, आमच्या दाराशी आपण शेजारी उभे होतो, तेव्हाच आटलेले होतात. त्या दिवसापासून मी सपाट चपला घालते."

इतक्या वर्षांच्या उशा, पायऱ्या आणि जाड बूट सरांच्या डोळ्यांपुढून गेले. बोलायला पाहिजे होतं, पण तोंडाशी आलं ते वेगळंच. "तू म्हणायचीस सोसत नाहीत."

"तुम्हाला सोसल्या नसत्या," ती म्हणाली आणि दुकानात गेली.

बाहेर आली ती टाचेच्या लाल चपला घालूनच. आधीच्या सपाट चपला तिनं पिशवीत टाकल्या आणि पिशवी सरांच्या हातात दिली. पुढं चालताना ती एकदाही अडखळली नाही. एवढा सराव तिला कुठं झाला, हे विचारायचं सरांनी टाळलं.

गल्लीच्या तोंडाशी शेजारी भेटले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. सरांनी त्यांना काही बोलू दिलं नाही.

"बघता काय? बायको आहे माझी," सर म्हणाले आणि मान वर करून तिच्या बरोबरीनं चालत राहिले. यापुढं तिच्याशी बोलायचं तर मान वरच ठेवावी लागणार होती.