डोमाजीकाकांच्या टेबलावरची राणी

आमच्या कोहमाऱ्याच्या हायवेलगतच्या जुन्या करमणूक पार्कात बिलियर्ड्स कॅरमच्या नियमानं खेळतात. लाल बॉल म्हणजे राणी. ती पॉकेटमध्ये गेली की लगेच दुसरा बॉल घालून कव्हर द्यायचं, नाहीतर राणी परत मधोमध. हा नियम डोमाजीकाकांचा. पार्कातले झोपाळे गंजले, घसरगुंडीला भोक पडलं. पण गाय खाजवावी तशा मायेनं काका रोज टेबलाचं हिरवं कापड ब्रशनं झाडतात.

काका आमचे शेजारी आणि पार्कातले रखवालदार. टेबलाचा इतिहास ते कोणी न विचारताच सांगतात. पार्कच्या पहिल्या मालकानं ते कलकत्त्याहून ट्रकनं आणलं. आतली दगडी फरशी इतकी जड, की उतरवायला ढाब्यावरचे सगळे ड्रायव्हर धावले. "अन् मंग पयला डाव त्याइनंच खेळला! हारला त्यानं चहा पाजला."

हायवेवरचे पाहुणे मात्र भांडतात. मागे रायपूरचा एकजण चिडला, "अंकल, ये तो कैरम हो गया!"

"टेबल कोनाचा? कोहमाऱ्याचा. रानीले कव्हर दे, नाही त काठी ठेव."

त्यानं काठी ठेवली आणि थेट नव्या मालकांकडे तक्रार केली. मालक म्हणाले, काकांनी खरे नियम पाळले नाहीत तर टेबल विकून टाकतो. शिकवायचं काम माझ्याकडे आलं, कारण आमच्या मोहल्ल्यात कॉलेजात जाणारी मी एकटीच. मला तर बिलियर्ड्स येतही नाही. मोबाईलवर व्हिडिओ पाहिले आणि अडखळत सगळं सांगितलं.

काकांनी शांतपणे ऐकलं. "माहीत हाय वं. पयल्या मालकानं शिकवलं होतं."

"मग काऊन भांडता काका?"

"तुह्या काकीले कॅरमच ये. पार्क बंद झाला का आमी दोघं खेळत होतो. लई समजावलं. त म्हणे, लाल हाय त रानीच ना! मंग मीच नियम बदलवला."

काकी दोन वर्षांपूर्वी गेली. "पण काका, टेबल जाईल," मी म्हणाले.

"जाऊ नाही देत. लाव तुहे नियम भितीवर." मग काठीला खडू घासत, माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "सोमवारी पार्क बंद राहते. येत जाशीन का? एकटाच दोन्हीकडून खेळून राहिलो. पन तिचा हात मले जमत नाही. ती डावखुरी होती."

मी उजव्या हाताची. तरी हो म्हणाले.