पुलाच्या अलीकडे

कार्य कसं पार पाडावं हे माझ्याकडून शिकावं! आमच्या धाकटीचं लग्न ठरलं तेव्हाच मी सगळ्यांना बजावलं, "कुणी लुडबुड करायची नाही! हॉल, जेवण, फुलं, सगळं ताई बघेल."

ताई म्हणजे मी.

धाकटीची होणारी बायको बस चालवते, म्हणून घरात तिचं नाव बसवाली. दोघी कितीतरी वर्षं एकत्र राहतात. पण मागे धाकटी हॉस्पिटलात होती, तेव्हा "पेशंटशी नातं काय?" या प्रश्नावर बसवाली "मैत्रीण" म्हणाली आणि बाहेरच्या बाकड्यावर ताटकळत बसली. आता धाकटीचं मोठं ऑपरेशन तोंडावर आलं होतं. त्याआधी लग्न व्हायलाच हवं होतं!

तर आमची एक नदी आहे. नदीच्या आमच्या काठाला दोन बायकांचं लग्न कायद्याने लागतं. पूल ओलांडला की दुसरा प्रांत, तिथे ते मानतच नाहीत!

म्हणून मी हॉलवाल्याला फोनवर खोदून खोदून विचारलं, "हॉल पुलाच्या अलीकडेच आहे ना?"

"अहो, अगदी अलीकडे! पुलाला लागून!"

झालं! ठरवून मोकळी!

लग्नाच्या दिवशी बसवालीने सगळ्यांना भाड्याच्या बसमध्ये कोंबलं आणि नवे कपडे घालून स्वतःच चालवायला बसली. दुसऱ्याचं ड्रायव्हिंग तिला बघवत नाही.

"ताई, आपण पूल ओलांडतोय!"

"तू पुढे बघ गं! सगळं ठरलंय!" मी फुलांच्या टोपल्या सांभाळत ओरडले.

हॉल झकास होता. नोंदणी अधिकारी बाई वेळेवर आल्या, दारावरची पाटी वाचली आणि काढलेलं पेन परत पर्समध्ये टाकलं.

"हे पलीकडे आहे. इथे माझी सही चालत नाही."

"अहो, पण हॉलवाले अलीकडे म्हणाले!"

हॉलवाला पुढे झाला. "मग बरोबरच म्हणालो. मी इथलाच. मला हे अलीकडेच की!"

पायाखालची जमीन सरकते म्हणतात. माझी सरकली असती तर बरं झालं असतं, निदान पूल तरी ओलांडला असता!

"बाईंची पुढची तारीख ऑपरेशननंतरची आहे, ताई," धाकटी हळूच म्हणाली. मला रडूच फुटलं.

"रडताय काय? पळा!" बसवाली गरजली.

बसच्या मागे जेवणाचा टेम्पो आडवा लागलेला. म्हणून सगळे पायीच पळालो! पुढे दोघी नवऱ्या, मागे चपला हातात घेऊन अधिकारी बाई, त्यांच्यामागे फुलं सांडत मी आणि सगळ्यात शेवटी, का कोण जाणे, एक खुर्ची घेऊन आमचे हे!

पुलाच्या मधोमध रस्त्यावर पांढरा पट्टा आहे. तो ओलांडला आणि बाई थांबल्या. "इथे चालतं!"

मागे गाड्यांची रांग लागली. एक ट्रकवाला खाली उतरला. "अपघात झाला का?"

"लग्न आहे!"

"मग सावकाश होऊ द्या!" असं म्हणून तोच वाहतूक अडवून उभा राहिला.

आमच्या ह्यांच्या पाठीचं टेबल झालं. दोघींनी सह्या केल्या. बाईंनी विचारलं, "साक्षीदार?"

मी झेप घेतली.

"तुमचा एक पाय पट्ट्यावर आहे. जरा अलीकडे सरका."

मी सरकले.

"अहो, अलीकडे!"

"सरकले ना!"

"माझ्या अलीकडे, बाई, माझ्या!"

मी थेट दुसऱ्या प्रांतात पोचले होते! शेवटी बसवालीने दंडाला धरून मला खेचलं आणि माझी सही झाली. ट्रकवाल्याने जो हॉर्न दाबला तो सोडेचना. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसत होत्या, रडत होत्या, आणि मीही!

जेवायला मात्र बसवाली हॉलवर येईना. "तिकडे गेले की मी परत मैत्रीण! जेवण इकडे आणा!" आणलं बापडं.

ऑपरेशन छान पार पडलं. नर्स बाहेर आली. "पेशंटच्या नात्यातलं कोण?"

"मी," बसवाली ताडकन उठली. "बायको."

"या आत."

मीही रुबाबात उठले. एवढं सगळं जमवलं कुणी?

"एका वेळी एकच," नर्सने मला अडवलं. "तुम्ही दाराच्या पलीकडे थांबा."

या वेळी मी शहाणपणाने आधी विचारून घेतलं, "कुणाच्या पलीकडे?"