अर्धं बोट कमी

डोमाजीकाकांनी आजवर कुठलाही भाव तोंडाने उच्चारलेला नाही. चाळीस वर्षं त्यांनी बैलबाजारात दलाली केली. तिथे दुपट्ट्याखाली हात घालायचा, जितका भाव तितकी समोरच्याची बोटं दाबायची, की सौदा ठरतो. बघ्यांना पत्ता लागत नाही. पुढे बाजार सुटला, दुपट्टा काही सुटला नाही. एकदा सौंदडच्या भाजीवालीचाच हात त्यांनी दुपट्ट्याखाली मागितला, तेव्हा त्या बाईने वांगं उगारलं होतं!

माझं औषधाचं दुकान त्यांच्या भिंतीला लागून. खोकल्याच्या बाटलीवर किंमत छापलेली असते, हे मी त्यांना बाटली उलटीपालटी करून दाखवलं.

"थो छापणाऱ्याचा भाव झाला गा, डाक्टर. तुहा सांग. हात दे इकडं."

मी डॉक्टर नाही. पण कोणी एवढ्या प्रेमाने म्हणत असेल, तर दुरुस्त कशाला करा?

तर अशा माणसावर या दिवाळीत बाका प्रसंग आला. काकू गेल्यापासून काका ज्या घरात एकटे राहतात, ते निम्मं त्यांचं, निम्मं धाकट्या भावाचं, सुखरामचं. सुखराम रायपूरला स्थायिक. दर वर्षी दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, तिला तीन दिवस यायचा, आपला हिस्सा दादाने घ्यावा म्हणून दुपट्ट्याखाली हात घालायचा आणि सौदा न जमताच परत जायचा. यंदा मात्र त्याचा फोन आला. गोंदियाचा एक व्यापारी हिश्शाचे सात लाख द्यायला तयार आहे. दादा, तुझा आकडा ठरव, मी येतोय.

झालं! काकांच्या पायाला भिंगरी लागली. "घर म्हंजे बैलच गा. दात पाहा, खूर पाहा, मंग बोट दाबा." आठ दिवस ते घराचे दात पाहत होते. दारं ठोकली, भिंतींचा वास घेतला, शिडी लावून छपराचे कवेलू मोजले. ओसरी वितींनी दहादा मोजली. दहाही वेळा वेगळी भरली, तर दोष स्वतःच्या हाताला दिला. माझ्याकडे यायचे, अर्धं वाक्य बोलायचे आणि उरलेलं तोंडातच ठेवून परत ओसरीकडे पळायचे. चहा माझ्या टेबलावर गार.

शेवटी म्हणाले, "तू सुखराम हो. सौदा करून पाहू."

मला तेवढंच हवं होतं. मी कमरेवर हात ठेवून हुबेहूब सुखराम झालो. पण गिऱ्हाईकाने मालाला नावं ठेवायची असतात, आणि काकांच्या तोंडून ती निघेनात. धडधाकट बैलात चार खोडी काढणारा हा माणूस! मीच आठवण करून दिली, "मागची भिंत फुगली आहे म्हणा."

"कोनाची भिंत फुगली? तुह्या बापानं बांधली का थे?"

"बरं, कवेलू फुटलेत म्हणा."

"दोन फुटले. दोन! बाकीच्यायले काऊन बदनाम करून रायला?"

आणि हात दुपट्ट्याखाली गेला की दर वेळी तेच. पाच बोटं, मग एक, मग अर्धं. साडेसहा लाख. काकांच्या बँकेत सात लाख पडून होते. पासबुक मीच भरून आणलं होतं. मी म्हणालो, "काका, सहा म्हणाल तर तो व्यापाऱ्याकडे जाईल. सात म्हणाल तर हसत देईल. हे साडेसहा कशाला? नुसता लोंबकळत राहील."

काकांनी हात ओढून घेतला. "तुले बैल कळत नाही," म्हणाले आणि गेले.

मंडईच्या दिवशी सुखराम आला. ओसरीत दोघे समोरासमोर, मी पंच. "दादा, इस बार फायनल," म्हणून त्याने हात पुढे केला. दुपट्टा हलला, थांबला, परत हलला.

"साडेसहा? अरे दादा, तो सात देऊन राहिला!"

"तोंडानं बोलला!" काका किंचाळले. "आपल्या घराचा भाव गल्लीले आयकवते!"

"तर मग सात दे ना! नाही तर लावतो त्याला फोन."

सुखरामने खरोखरच फोन काढला. काका त्याच्या अंगठ्याकडे पाहत राहिले. दुपट्ट्याला पीळ पडत पडत त्याचा दोर झाला.

सुखरामने एकदा ओसरीवरून नजर फिरवली आणि फोन खिशात घातला. "अर्ध्या लाखासाठी परक्याला घुसवू का घरात? पुढल्या मंडईला पाहू. कंजूस कहीं का!" मग दोघे भाऊ एका ताटात जेवले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुखरामची गाडी सुटली. काका स्टेशनवरून आले ते माझ्या स्टुलावर बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा निवांत बसले.

मी विचारलं, "सात होते ना काका? मग?"

त्यांनी दुपट्ट्याची घडी घालून मांडीवर ठेवली.

"सात देले असते तं घर माहं झालं असतं. मंग थो पाव्हणा. पाव्हण्याच्या मनात आलं तं येते, डाक्टर. हिस्सेदाराले यावंच लागते."

मग ते घरी गेले. ओसरीत सुखरामचं अंथरूण अजून तसंच होतं. काका त्याच्या कडेला टेकले. मी दुपारी जेवायला दुकान बंद केलं, तेव्हाही ते तिथेच बसलेले होते.